झाकण हरवलं, शिव्या मला

मित्रांनो, इक्वाडोरच्या डोंगरात दूध गोळा करणाऱ्या एका ट्रकचा मी जुना रेडिएटर. वय वर्षे एकवीस, आणि खरं सांगायचं तर पार वैतागलेला.

माझं काम सरळ आहे. इंजिनात फिरून तापलेलं पाणी माझ्या बारीक नळ्यांतून वाहतं. नळ्यांना पातळ पत्र्याच्या पट्ट्या आहेत. पाण्याची उष्णता त्यांच्यात उतरते, पंख्याचा वारा ती उडवून नेतो आणि निवलेलं पाणी पंप परत इंजिनाकडे धाडतो. यासाठी मला पाण्यात मिसळलेलं हिरवं कूलंट लागतं. आमचा चालक एलोय ओढ्याचं पाणी ओतायचा. नळ्यांत गाळ बसला. तेही मी सोसलं.

मग त्याने माझं झाकण हरवलं. ते झाकण आतला दाब धरून ठेवायचं, म्हणून पाणी लवकर उकळत नसे. आमच्या उंचीवर तर पाणी असंही लवकर उकळतं. एलोयने लाकडाचा तुकडा तासला, चिंधी गुंडाळली आणि माझ्या तोंडात ठोकला.

एका सकाळी चाळीस घरांचं दूध घेऊन आम्ही चढत होतो. एलोयच्या शेजारी झोइलाताई होती, गावच्या सहकारी संस्थेत चीज करणारी. अर्ध्या चढावर चिंधीतून वाफ निघू लागली.

"मेला हा रेडिएटर. भंगारात घालतो आता," म्हणत एलोय उतरला.

"हात लावू नकोस. निवू दे आधी."

"ताई, दूध नासेल."

"तुझा हात भाजला तर टिकणार आहे का ते?"

त्याने ऐकलं नाही, लाकूड उपटलं. उकळतं पाणी त्याच्या मनगटावर उडालं. त्याच्यावर माझा राग होता, पण हे मला नको होतं.

जवळचं पिण्याचं सगळं पाणी ताई त्याच्या हातावर ओतत राहिली. माझ्यासाठी थेंब उरला नाही. दुसरी गाडी येईतो निम्मं दूध फाटलं. ते डुकरांना घालावं लागलं.

वाट पाहताना ताईने ते लाकूड उचललं.

"झाकण कुठंय रे?"

"हरवलं. मार्चमध्ये."

"आणि सहा महिने शिव्या रेडिएटरला?"



नवं झाकण आलं. माझ्या नळ्या धुतल्या, कूलंट भरलं. तोच चढ मी वाफ न काढता चढलो. शाबासकी कोणी दिली नाही. नेहमीचंच आहे ते.

परवा मात्र पंख्याचा पट्टा सैल झाला आणि तापमानाचा काटा वर गेला. एलोयने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि दगडावर बसून खिशातला भाजका मका खात राहिला. चांगला अर्धा तास. मग माझ्यावर पालथा हात ठेवून पाहिला, जाड फडकं घेतलं आणि झाकण हळूच सैल केलं.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीलाही असाच वेळ द्या. आम्हाला हाक मारता येत नाही, फक्त उकळता येतं.