भुईवर ठेवलेला नारळ

दिवेलागणीला बनुबाईंच्या कानात बिगुल वाजायचा. अकरा वर्षं झाली, एक दिवस चुकला नव्हता. त्यांचा फौजेतला लेक उदयसिंह तिरंग्यात गुंडाळून गावी आला, ओढ्याकाठी चिता रचली आणि एका शिपायानं बिगुल तोंडाला लावला. शेवटाकडं एक सूर फाटला. तेवढा फाटका सूर बाईंच्या घरी राहायला आला, तो गेलाच नाही.

"माझ्या लेकासाठी त्यो शिपाई रडला," बाई येईल-जाईल त्याला सांगायच्या. "चांगल्या घरचा असनार. आपल्यातलाच." डोळे मिटायच्या आधी त्याला एकदा समोर बसवून विचारायचं होतं, बाबा, तुझा सूर का फाटला?

नातीचं, शिवांजलीचं लग्न निघालं. कोरेगावचा बँड ऐनवेळी दुसरीकडं गुंतला, म्हणून सांगलीकडचा सांगितला. लग्नाच्या सकाळी नवरीला देवाला न्यायला बँड दारात उभा राहिला. पुढं ट्रंपेटवाला यल्लाप्पा. मेंदीनं लाल केलेले केस, जरीचा उसवलेला कोट, गालात तंबाखू.

"बघ गं हा नमुना," बाई सुनेला म्हणाल्या, त्यालाही ऐकू जावं अशा बेतानं. "डोळं बघ कसं तांबडंलाल. सकाळच्या पारीच टाकून आलाय. वाजपाची जातच तसली. हातात बाजा आन् पोटात बाटली."

सून संयोगितेनं घाईनं कुंकवाचं ताट पुढं केलं.

वाजप सुरू व्हायच्या आधी घरधनिणीनं वाद्याला कुंकू लावायचं आणि म्होरक्याच्या ओंजळीत नारळ द्यायचा, ही रीत. यल्लाप्पानं ओंजळ पुढं केली. बाईंनी नारळ भुईवर ठेवला. टक् झालं. ओंजळ घडीभर तशीच राहिली. मग तो वाकला, नारळ उचलला, कपाळाला लावला.

अंगण ओलांडताना सोप्यातल्या उदयसिंहाच्या फोटोसमोर ट्रंपेट एकदम बंद पडला. मागचा ढोल अडखळून थांबला.

"का रं, घसा वाळला व्हय?" बाई कडाडल्या. "पोरगी उन्हात उभी हाय माझी!"

यल्लाप्पाच्या टाचा जुळल्या. पाठ ताठ झाली. हात कपाळाशी गेला.

संयोगिता पुढं झाली. "तुम्ही फौजेत होता?"

"व्हय, ताई. बिगुलर." फोटोवरची नजर काढली नाही त्यानं. "गावाचं नाव ऐकलं तवाच वळखलं. ओढ्यावर साहेबांना मीच सलामी वाजवली. आज यावं का न्हाई, रातभर डोळ्याला डोळा न्हाई लागला."

बाईंनी खांब धरला.

"कुठला रं तू?"

"जतकडचा. आजा सनई वाजवायचा, बाप ढोल. आमचं घरच वाजपाचं."

अकरा वर्षं जपलेला प्रश्न ओठावर आला, पण शिवीसारखा आला. "मग सूर का फाटला तुझा?"

"फौजेतले उस्ताद सांगायचे, वाजवताना आईकडं बघायचं न्हाई. झेंड्याच्या काठीकडं बघायचं." तो पहिल्यांदाच बाईंकडं वळला. "मी तुमच्याकडं बघितलं, आई. तुमी रडत नव्हता. मुठीत कायतरी घट्ट धरलं हुतं."

बाईंची मूठ आपोआप मिटली. त्या दिवशी मुठीत उदयसिंहाच्या शाळेच्या सदऱ्याचं बटण होतं. आजवर कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आण... आण त्यो नारळ हिकडं," त्या कशाबशा म्हणाल्या. "हातात देते."

"घेतला की, आई," तो हलकेच म्हणाला. "एका दारचा नारळ दोनदा घेत न्हाईत. नवरी उन्हात हाय." आणि त्यानं ढोलवाल्याला खूण केली.

देवळापर्यंत आणि परत, एक सूर इकडचा तिकडं झाला नाही. बाई खांबापाशीच उभ्या होत्या.

संध्याकाळी लेकरू सासरी गेलं, मांडव ओस पडला. दिवा लावताना बिगुल वाजला. फाटणारा सूर जवळ आला, आणि त्याच्या अगदी आधी, भुईवर काहीतरी ठेवल्यासारखं झालं.

टक्.