मागे सरून बघताना

भिंती रंगवण्यातच त्याची सगळी हयात गेली. आधी दुकानांच्या पाट्या, मग शाळांची कुंपणं, मग पुलांखालचे खांब. चार फटकारे मारायचे, मागे सरायचं, एक डोळा मिटून बघायचं, ही त्याची पद्धत. या मागे सरण्यापायी तो दोनदा गटारात पडला होता आणि एकदा चक्क भाजीवालीच्या टोपलीत बसला होता. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं बायको हसून म्हणायची.

हल्ली मात्र ही म्हण तिच्या तोंडून निघत नव्हती. त्याला सात मजली इमारतीची अख्खी भिंत मिळाली होती. तिच्यावर एका म्हातारीचा चेहरा काढायचा, आणि उभं राहायला परांचीवरच्या दोन फळ्या. कमरेच्या पट्ट्याचा हूक पाइपाला लावल्याशिवाय ब्रश उचलणार नाही, असं तिनं त्याच्याकडून वदवून घेतलं होतं.

दुपारी ती जेवण घेऊन आली, वर बघितलं आणि हातातला डबा तिथेच खाली ठेवला. रंगाची बादली वर घेताना या बाबानं पाठीमागचा कठड्याचा आडवा पाइप काढला होता आणि परत लावलाच नव्हता. हूक कुठे आहे ते खालून दिसेना.

हाक मारली तर तो वळणार. फोन केला तरी तेच. शिडीला ती एरवी हातही लावायची नाही, पण जीव मुठीत धरून ती चढत राहिली. वर फळ्या करकरत होत्या. करकर थांबली की तिचा श्वासही अडकायचा.

ती कशीबशी फळीवर आली तेव्हा तो म्हातारीच्या डोळ्यात पांढरा ठिपका देत होता. दिला. मान तिरकी केली. एक डोळा मिटला. टाच उचलली.

तिनं पट्टा धरून त्याला भिंतीकडे खेचलं.

"अगं, तू? सोड, बघू दे मला," तो वैतागला.

"हूक कुठंय?"

"लावलाय की सकाळीच."

त्यानं दाखवायला पट्ट्याची दोरी ओढली, तशी तिच्यामागून बादली सरकत आली. भिंतीवरची नजर न काढता त्यानं हूक बादलीच्या कडीत अडकवला होता.

त्याच्या कानाखाली वाजवावी असं तिला वाटलं, आणि रडूही आलं. त्याच्या बोटांतून ब्रश निसटला आणि फळीच्या कडेवरून खाली गेला. दोघंही ऐकत राहिले. आवाज यायला फार वेळ लागला.

"चला आता खाली," ती म्हणाली.

"थांब जरा," तो हळूच म्हणाला. "पाय उचलत नाहीयेत."