न बघता दिलेलं उत्तर

"सापडली रे मुकादम, सापडली एकदाची!"

सर्व्हरच्या खोलीचं दार ढकलून ताई आत आल्या आणि दाराजवळच्या स्टुलावर धपकन बसल्या. त्यांना धाप लागली होती. या खोलीत पंख्यांची घरघर इतकी की शेजारच्याचं बोलणंही नीट ऐकू येत नसे, पण आज ताईंचा आवाज पार बाहेरच्या जिन्यापर्यंत जात होता.

"काय सापडली?" मुकादमांनी विचारलं.

"चूक! दुसरं काय शोधत होते मी इतके दिवस? लिफ्टचा वेग वाचून झाला की तो एकदा पुन्हा तपासायचा, एवढीच एक ओळ सकाळी घातली. साधी ओळ रे! तेव्हापासून लिफ्ट नुसती वरखाली पळवतेय. एकदासुद्धा चुकली नाही. मजल्याला मजला बरोबर." ताई हसल्या आणि हसता हसता चष्मा काढून डोळे पुसू लागल्या. "म्हणजे माझीच होती. मी उगाच सगळ्या जगावर संशय घेत बसले."

लिफ्ट कशामुळे सुधारली ते मुकादमांना ठाऊक होतं. ताईंच्या त्या ओळीचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली होती. फरक इतकाच, की फांदी मुकादमांनी आज सकाळीच, कुणाला न सांगता, कापून ठेवली होती.

मुकादम हे काही त्यांचं नाव नव्हे, ते ताईंनी ठेवलेलं. कंपनी लिफ्ट बनवायची. लिफ्ट कधी सुटायची, कुठे हळू व्हायची, दार कधी उघडायचं, हे सगळं प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. माणसाने लिहिलेला तो मजकूर यंत्राला कळेल अशा भाषेत उतरवायचा, याला कंपाइल करणं म्हणतात, आणि जो उतरवतो तो कंपायलर. एकट्या कॉम्प्युटरला हे काम दिलं तर त्यात अर्धी सकाळ जाते. म्हणून मुकादमांनी एक सर्व्हर मांडला होता. तो या कामाचे तुकडे करून वाटायचा. हिशेब खात्यातला कॉम्प्युटर मोकळा आहे? घे चार फाइली. स्वागतकक्षातल्या बाई जेवायला गेल्यात? त्यांच्या कॉम्प्युटरला दे दोन. मग सगळ्यांकडून तयार माल गोळा करून ज्याचा त्याला पोचता करायचा. अर्ध्या सकाळचं काम कपातला चहा संपायच्या आत होई. पहिल्या दिवशी ते बघून ताई म्हणाल्या होत्या, "अरे, तू तर मुकादम झालास! स्वतः घमेलं उचलायचं नाही, पण कुणी रिकामा दिसला की लाव त्याला कामाला." तेव्हापासून साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना मुकादमच म्हणत, आणि त्यांना ते आवडे. ताईंनीच त्यांना या कंपनीत आणलं होतं. पहिल्या वर्षात केलेल्या त्यांच्या चुकाही ताईंनीच कुणाला कळू न देता निस्तरल्या होत्या.

या वाटपाचा एक नियम होता. सगळ्या कॉम्प्युटरांवरचा कंपायलर अगदी एकसारखा हवा. एका घराच्या दोन भिंती दोन गवंड्यांना दिल्या आणि एकाची वीट बोटभर लहान निघाली, तर भिंती उभ्या राहतील, पण वर छप्पर बसायचं नाही. म्हणून वेगळा कंपायलर दिसला की मुकादमांचा सर्व्हर त्या कॉम्प्युटरला दारातच उभा करायचा. ही तपासणी त्यांनी स्वतः लिहिली होती आणि नव्या माणसाला ते ती कौतुकाने दाखवत.

आणि त्यांनीच ती बंद केली. नवी लिफ्ट गिऱ्हाइकाला द्यायची तारीख तोंडावर आली होती. जो तो सर्व्हरवर काम टाकत होता, रांग लागत होती, आणि जाता-येता जो तो टोमणे मारत होता, "काय मुकादम, मजूर संपावर गेले का?" मुकादमांना ते झोंबलं. त्यांनी स्टोअरमधून एक जुना कॉम्प्युटर काढला, पुसला, जोडला. सर्व्हरने त्याला घेतलं नाही. कंपायलर जुना होता. बदलायला तासभर लागला असता आणि तासभर थांबायची कुणाची तयारी नव्हती. त्यांनी त्या एका कॉम्प्युटरपुरती तपासणी बंद केली. संध्याकाळी कंपायलर बदलू, म्हणाले. पण दुपारच्या बैठकीत साहेब म्हणाले, "आज रांग नाही, ही मुकादमांची कृपा!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुकादम छाती फुगवून घरी गेले. संध्याकाळचं काम टाळ्यांमध्येच राहिलं.

त्यानंतर लिफ्ट चुकायला लागली. नेहमी नाही, मधूनच. बाकी सगळे कॉम्प्युटर गुंतलेले असले तरच एखादी फाइल त्या जुन्याकडे जायची आणि तेव्हाच लहान वीट भिंतीत बसायची. चाचणीच्या मनोऱ्यात एकदा लिफ्ट मजल्याच्या वीतभर वर थांबली. चाचणीवरचे मिस्त्री हत्यारांची पेटी ओढत पाठमोरे बाहेर पडत होते. जमीन आहे असं समजून त्यांनी पाय टाकला, आणि खुब्याचं हाड मोडलं.

प्रोग्रॅममधला थांबण्याचा भाग ताईंनी लिहिलेला. त्यांनी तो फक्त आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर कंपाइल करून पाहिला, तर लिफ्ट नीट चालली. सर्व्हरवरून केला, तर कधी नीट, कधी नाही. साहेब हसून म्हणाले, "ताई, प्रोग्रॅम काय मूडवर चालतो का? विश्रांती घ्या थोडी." त्या दिवशी ताई याच खोलीत, याच स्टुलावर येऊन बसल्या होत्या.

"मुकादम, तुझ्या सर्व्हरमध्ये तर काही घोळ नाही ना रे? एकदा बघतोस?"

आणि मुकादमांनी स्क्रीनवरची नजरसुद्धा न काढता उत्तर दिलं होतं, "ताई, माझा सर्व्हर म्हणजे नुसता हमाल. पोती आणतो, पोती पोचवतो. पोत्यात काय आहे ते त्याला काय माहीत?"

"तू म्हणतोस म्हणजे नसेलच," असं म्हणून ताई उठून गेल्या. त्यानंतर त्यांनी सर्व्हरचं नाव काढलं नाही. आपलंच लिहिलेलं ओळीओळीने वाचत बसल्या. ज्यांच्या प्रोग्रॅमवर कुणी बोट ठेवत नसे, त्या ताई नव्या पोरांना विचारू लागल्या, "हे वाच ना जरा, मला काही दिसत नाहीये का इथे?"

आज सकाळी मुकादम सहज कॉम्प्युटरांची यादी चाळत होते. जुन्याच्या नावापुढे जुना कंपायलर दिसला. बंद तपासणी, चुकणारी लिफ्ट, मिस्त्री, ताई, सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं. ते तडक साहेबांकडे जायला उठलेसुद्धा होते. दारापर्यंत गेले आणि परत फिरले. आता हा काढून टाकला की लिफ्ट आपोआप नीट होईल, मग बोंबाबोंब कशाला, असं त्यांनी स्वतःला समजावलं. वायर काढली, कॉम्प्युटर उचलून स्टोअरमध्ये ठेवून आले, तपासणी पुन्हा चालू केली. जीव भांड्यात पडल्यासारखं वाटलं. लिफ्ट सुधारली की ती कुणामुळे सुधारली असं ताईंना वाटेल, हा विचार त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता.

"साहेबांना सांगून आले आत्ताच," ताई चष्मा चढवत म्हणाल्या. "म्हटलं, थांबण्याचा भाग आता दुसऱ्या कुणाला द्या. त्यात माणसं चढतात रे. ज्याचे डोळे थकलेत त्याने हे करू नये."

"ताई, असं काही नाही हो," मुकादम कसेबसे म्हणाले.

"आहे. ते राहू दे. माझं एक काम कर. मिस्त्रींकडे जायचंय, हॉस्पिटलमध्ये. त्यांना तोंडावर सांगायला हवं, की चूक माझी होती. एकटीला धीर होत नाही. येतोस?"

नाही म्हणायला मुकादमांना तोंडच नव्हतं.

वाटेत ताईच बोलत राहिल्या, मिस्त्रींना काय म्हणायचं ते घोकत राहिल्या. मुकादम प्रत्येक वळणावर ठरवत होते, पुढच्या वळणावर सांगू. तेवढ्यात हॉस्पिटल आलं.

मिस्त्री खिडकीजवळच्या खाटेवर होते. पायाला वजन टांगलेलं. दोघांना बघून त्यांना बरं वाटलं. "या, या! बसा. जन्म गेला लिफ्टमध्ये आणि आता डॉक्टर म्हणतात, जिने टाळा. म्हटलं, साहेब, ते तर मी पहिल्यापासूनच टाळतोय!" आपल्याच विनोदावर ते हसले. मग आवाज उतरला. "मनोऱ्यावर मात्र परत चढता येणार नाही म्हणे."

ताई बसल्या नाहीत. खाटेची कड धरून उभ्या राहिल्या.

"मिस्त्री, चूक सापडली. माझ्या हातून झाली होती. तुमचा पाय माझ्यामुळे मोडला."

वाटेत घोकलेलं बाकी सगळं त्या विसरल्या. मिस्त्रींनी आपल्या पायाकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत, नुसते नवल करत राहिले.

"तुमची चूक? कमाल आहे, ताई. बाकी कुणाचं असलं तर मी आधी पाय टेकवून बघायचो. तुम्ही लिहिलंय म्हटलं की डोळे मिटून चढायचो."

ताईंची मान खाली गेली. इतक्या वर्षांत ती मान मुकादमांनी अशी कधी पाहिली नव्हती. साहेबांपुढे नाही, गिऱ्हाइकापुढे नाही, ताईंचे यजमान गेले तेव्हाही नाही.

"ताईंची नाही," मुकादम म्हणाले. "माझी आहे."

मग ते बोलत सुटले. ततपप करत, मागचं पुढे, पुढचं मागे. जुना कॉम्प्युटर, वेगळा कंपायलर, बंद केलेली तपासणी. मिस्त्रींना त्यातलं अर्धं कळलं असेल नसेल. ताईंना पहिल्या वाक्यातच सगळं कळलं होतं.

"कधी कळलं तुला?" त्यांनी विचारलं.

"आज सकाळी."

"म्हणजे मी दुपारी तुझ्या खोलीत आले, तेव्हा तुला ठाऊक होतं."

"हो."

"आणि हसत होते मी. वेड्यासारखी."

"ताई, मी सांगणारच होतो."

"मी तुला विचारलं होतं, मुकादम." ताईंचा आवाज चढला नाही. "त्या दिवशी. बघ म्हटलं होतं. तू बघितलंस का तेव्हा?"

"नाही."

"तू बघितलं असशील असं धरून मी चालले होते."

मिस्त्रींनी आळीपाळीने दोघांकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला. "चूक कुणाचीही असो बाबांनो, पाय माझाच आहे. बसा आता. उभ्याने भांडू नका, नर्स ओरडेल."

निघताना ताई म्हणाल्या, "तू हो पुढे, मी बसते यांच्याजवळ थोडी." मुकादम एकटेच आले आणि थेट साहेबांच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. नोकरी गेली तरी चालेल, अशी मनाची तयारी केली होती. साहेबांनी ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहराच उजळला. "म्हणजे मशीनमुळे! मग आपल्या माणसाची चूक नाही म्हणायची. उत्तम. मी गिऱ्हाइकाला कळवतो. ताईंना म्हणावं, तुमचा भाग तुम्हीच सांभाळा. आणि मुकादम, पुढे जरा लक्ष ठेवा." झालं. एवढ्यावर भागलं. जाताना साहेबांनी खांद्यावर थोपटलंसुद्धा, आणि मुकादमांना ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

रात्री घरी बायको म्हणाली, "बोललात ना? मग सुटलात. आता जेवा."

"सुटलो नाही गं," ते म्हणाले, पण का सुटलो नाही ते त्यांना सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी ताई वेळेवर आल्या. पहिलं काम त्यांनी केलं ते म्हणजे कालची ती ओळ काढून टाकली. ज्या ओळीला कारण नाही ती ठेवायची नाही, ही त्यांची शिस्त. मग लोक येऊ लागले, सर्व्हरवर कामं पडू लागली आणि मुकादमांच्या स्क्रीनवर कॉम्प्युटरांची नावं एकेक करून उजळली. ताईंचं नाव उजळलं नाही. वायर निघाली असेल म्हणून ते त्यांच्या टेबलाशी गेले.

"ताई, तुमचं मशीन वाटपातून बाहेर पडलंय. जोडून देऊ?"

"नको," ताई म्हणाल्या. "मीच काढलंय."

त्यांच्या स्क्रीनवर फाइलींची नावं सरकत होती. एक संपली की दुसरी, ती संपली की तिसरी. सगळ्या त्याच एका कॉम्प्युटरवर. आजूबाजूच्या टेबलांवर कामं पटापट उरकत होती.

"अर्धी सकाळ जाईल, ताई."

"जाऊ दे. माझ्या डोळ्यांसमोर होतंय." त्यांनी वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. "चहा झाला का तुझा?"

"झाला," मुकादम खोटंच म्हणाले.

ताईंनी मान हलवली आणि पुन्हा स्क्रीनकडे वळल्या. मुकादमांच्या सर्व्हरवर त्या वेळी निम्मी कचेरी मोकळी होती, पण ताईंना द्यायला त्यांच्याजवळ आता काही नव्हतं. ताई दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या आणि सरकणारं प्रत्येक नाव वाचत होत्या.