न शिजणारे गहू

शुक्रवारी सकाळची पाळी संपवून स्तामातिया जॅमच्या कारखान्यातून आली ती थेट शेगडीपाशी. हाताला जर्दाळूचा चिकटा तसाच होता. उद्या मृतांचा शनिवार. चर्चमध्ये पाद्रीबुवा गेलेल्यांची नावं घेणार आणि त्यांच्या नावाचे उकडलेले गहू साखर घालून सगळे खाणार. यंदा पहिल्यांदाच त्यात तिच्या भावाचं, आर्गिरिसचं नाव असणार होतं.

आर्गिरिस मायदेशातल्या यादवीत लढायला डोंगरात गेला तो गेलाच. ना प्रेत, ना खबर. पण तिकडे मायदेशी गावात आई, झाफिरो, अजून त्याचं ताट मांडायची. म्हातारीचा हेका एकच: भाऊ आल्याशिवाय बहिणीचं लग्न नाही. इकडे मेलबर्नमध्ये चामड्याच्या कारखान्यातला वांगेलिस वाट बघून कंटाळला होता. ईस्टरनंतर मी दुसरीकडे बघणार, असं त्याने तोंडावर सांगितलं. तेव्हा भावाला एकदाचा मेलेला म्हणायचं, असं तिने ठरवलं. ठरवताना स्वतःची लाज वाटली, पण ठरवलं खरं.

रात्रभर भिजवलेले गहू. पाणी आटलं, तिने पुन्हा ओतलं. उन्हं कलली तरी दाणे खडे ते खडेच.

घरमालकीण पोलिक्सेनीमावशी डोकावली. तिने एक दाणा तोंडात टाकला, तो कटकन वाजला.

"काय गं, माझा उरलासुरला दातही घेतेस का?"

"गहूच भिकार आहेत, मावशी."

"त्याच गोणीतले मी माझ्या नवऱ्यासाठी उकडले. बघता बघता फुलले." मावशीचा आवाज उतरला. "जिवंत माणसाच्या नावाने गहू उकलत नाहीत, पोरी. बंद कर ते."

"जिवंत? मग येत का नाही मेला?"

"मला काय विचारतेस? आणि पातेल्यावर वाकून बोलू नकोस. तिथे घेतलेलं नाव ज्याचं त्याला पोचतं."

पण स्तामातियाचा तोल सुटला होता. इतक्या वर्षांचं गिळलेलं सगळं एकदम घशाशी आलं.

"जिंकलीस ना, झाफिरो!" ती वाफेत तोंड घालून ओरडली. "तुझा लेक जिवंत, आणि मी इथे म्हातारी होऊ? सोड की गं मला आता, आई!"

वाफ थांबली. मग पातेल्यातून बारीक टकटक येऊ लागली. एकेक दाणा उकलत होता. मावशीने तिच्या तोंडावर हात दाबला, पण आईचं नाव निघून गेलं होतं.

"आर्गिरिस," मावशीच्या बोटांआडून ती पुटपुटली. "आर्गिरिससाठी ठेवलेत मी. आर्गिरिससाठी."

तिने घाईघाईने गॅस बंद केला. दाणे उकलतच राहिले.

मावशीने छातीवर क्रूस रेखला आणि साखरेचा डबा खाली काढला. बाहेर वांगेलिस नेहमीसारखा शीळ घालत फाटक उघडत होता. लग्नाला नाही म्हणणारं आता कोणी उरलं नव्हतं.