घोड्याचे मागचे पाय

कार्निव्हलच्या मिरवणुकीत घोडा नसेल तर मिरवणूक निघालीच नाही असं समजा, असं टाकेमावशी सगळ्यांना ऐकवायची. ऐकवणारच की, घोडा तिच्याच हातचा होता. कापडाचा, दोन माणसांचा घोडा. पुढचा माणूस मानेत उभा राहून जाळीतून बघायचा आणि चालायचा. मागचा बिचारा वाकून, पुढच्याच्या कमरेचा पट्टा धरून, काही न दिसता नाचायचा. थांबायचं असेल तर मागच्यानं पट्टा मागे ओढायचा, एवढीच त्या दोघांची बोली.

कित्येक वर्षं तो घोडा म्हणजे तिची दोन पोरं. थोरला पुढे, धाकटा मागे. धाकट्याचा डावा पाय ठेक्याच्या जरा मागून पडायचा आणि लोक त्यालाच हसून हसून लोळायचे. गेल्या वर्षी मिरवणूक संपल्यावर अंगाचा रंग धुवायला धाकटा नदीच्या पायऱ्या उतरला. "तू हो पुढे, मी आलोच," म्हणाला थोरला, आणि बसला मित्रांबरोबर गप्पा छाटत. तो पोचला तेव्हा पायरीवर नुसत्या चपला होत्या.

तेव्हापासून थोरला घरात असून नसल्यासारखा. काम सोडलं, दाढी वाढवली, कुणी दारात आलं की आतल्या खोलीत. मावशी तोंडाची फटकळ. तिनं आधी समजावलं, मग झापलं, मग चक्क हात जोडले. "एक गेला रे माझा. दुसऱ्यानं तरी जगावं की नाही?" घोड्यात शिरला तर चार माणसांत येईल, म्हणून ती हात धुऊन त्याच्या मागे लागली. आणि परवा तो अचानक हो म्हणाला! "मिरवणूक अजून नदीवरूनच जाते ना?" एवढंच विचारलं, आणि जेवलासुद्धा पोटभर. मावशीचा जीव भांड्यात पडला. मागच्या पायांसाठी शेजारचा लंबू तयार झाला.

मिरवणुकीच्या दुपारी शेडमध्ये नुसता धुमाकूळ. राक्षसाचं एक शिंग गायब, परीला शिंका आवरेनात, बँडवाले एकमेकांवर खेकसतायत. मावशीची एक जुनी पद्धत होती. उड्या मारताना हुक तटातटा तुटतात, म्हणून माणसं आत शिरली की घोड्याचे दोन्ही भाग ती अंगावरच शिवून टाकायची. पण शेवटची गाठ मारण्याआधी मागच्याला हाक मारायची, "आहेस ना रे?" आतून "आहे" आलं की मगच गाठ. आत कुणी गुदमरत असेल तर कळायला नको?

त्या दिवशी तिच्या ओठांत टाचण्या होत्या. थोरला मानेत शिरला. मागचा भाग आधीच उभा होता, आत कुणीतरी वाकलेलं. 'आज लंबू वेळेवर कसा उगवला बुवा,' असं मनात म्हणत ती शिवत सुटली. तेवढ्यात मिरवणुकीचा म्होरक्या शिट्टी फुंकत ओरडला, "मावशी, आटपा की!" तोंड टाचण्यांनी बंद, हाक राहूनच गेली. तिनं घोड्याच्या पाठीवर नुसती थाप मारली. आतून तिच्या तळव्यावर बरोब्बर थाप परत आली. कापड ओलं लागलं. घाम असेल, असं म्हणून तिनं गाठ मारली.

रस्त्यावर घोडा असा काही नाचला की लोकांनी गल्ली डोक्यावर घेतली. मावशी कडेनं चालत होती, गळ्यात दोरीला कात्री. तिचं लक्ष मागच्या पायांकडे गेलं. डावा पाय जरा मागून पडत होता. 'लंबूनं हेसुद्धा उचललं की! गुणाचं ते पोर,' म्हणत तिनं डोळे पुसले.

"मावशी! ओ मावशी!"

मागून लंबू धापा टाकत आला. "बस बंद पडली हो. काय शिव्या द्यायच्या त्या द्या, पण घोडा थांबवून ठेवलाय ना?"

तिनं लंबूकडे पाहिलं, मग पुढे पाहिलं. घोडा रांग सोडून वळला होता. नदीच्या बाजूला. माणसं टाळ्या पिटत वाट देत होती, त्यांना वाटलं हीपण गंमतच. घोडा मध्येच अडत होता, हिसके खात होता, पुन्हा उताराला लागत होता.

न्यायला आलाय, तिच्या मनात आलं. भावाला न्यायला आलाय. आणि मीच माझ्या हातानं दोघांना शिवून दिलं!

ती धावली. वय, गुडघे, सगळं विसरून धावली. घोडा पायऱ्यांवर पोचला होता, पुढचे पाय घोट्यापर्यंत पाण्यात. तिनं मागच्या भागाला मिठी मारली. कापडातून पाणी निथळत होतं. राहिलेली हाक आता तिच्या तोंडून निघाली.

"आहेस ना रे?"

"आहे, आई."

तोच आवाज, कापडाला टेकलेल्या तिच्या कानालाच ऐकू येईल इतका हळू. वर्षभर ज्याच्यासाठी ती उशीत तोंड खुपसून रडली, तोच. कापड टराटरा फाडावं आणि ते तोंड एकदा बघावं, असं तिला झालं. पण ती म्हणाली, "सोड त्याला. तुझ्या पाया पडते बाळा, सोड."

"आई, सोडलं तर तो जाईल ना. मी कुठं नेतोय? दादाच निघालाय. मी धरून ठेवलंय."

तिनं खाली पाहिलं. मागच्या खुरांनी शेवाळावर लांब ओरखडे काढले होते, टाचा रोवून रोवून. परवाचं ते पोटभर जेवण तिला आत्ता कळलं.

"माझ्या बाजूचं कापड उसवू नकोस," आतला आवाज म्हणाला. "आधी दादाला काढ."

तिनं कात्री मानेच्या शिवणीत घातली. थोरला बाहेर पडला तो थेट तिच्या अंगावर. दोघंही पायरीवर आदळले. तिनं त्याचा दंड असा पकडला की नखं रुतली. मागे कापड हळूच पायरीवर बसलं. आत कुणी नव्हतं.

"जाऊ दे म्हणत होतो, आई," थोरला हुंदके देत होता. "किती शिव्या घातल्या मी लंबूला. पण त्यानं पट्टा सोडलाच नाही."

त्याच वेळी वरच्या पायरीवरून लंबू ओरडला, "अरे, मी आलोच नाही रे अजून! माझ्याशिवाय कसे निघालात?"

थोरल्याचा हात कमरेकडे गेला. पट्टा ओलाचिंब होता. बराच वेळ तो पट्टा चाचपत राहिला, मग आईच्या कुशीत शिरून लहानपणी रडायचा तसा रडला.