त्या दिवशी मी हँग झालो नाही

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे आणि मी चहाडखोर आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी 'अरेरे, बिचारा' म्हणायला नको. तुम्हाला शाळेत 'संगणक : शाप की वरदान' असा निबंध घालतात. माझ्याच की-बोर्डवर तो कितीदा बडवला गेलाय. मी जे केलं ते त्या निबंधात कुठेच बसत नाही. शापात बसत नाही, वरदानात तर मुळीच नाही.

माझे अवयव जगात कुठे कुठे घडले, मला ठाऊक नाही. ते एकत्र आले एका घरातल्या जेवणाच्या टेबलावर. जोडणारा मामा, म्हणजे या घरातल्या मुलीचा मामा. त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याचं तोंड त्याच्या स्क्रू-ड्रायव्हरपेक्षा जास्त फिरायचं.

"ताई, असा कॉम्प्युटर बाजारात मिळायचा नाही बघ," तो म्हणाला.

"खरंय," मुलीची आई म्हणाली. "बाजारातले चालू होतात."

मी चालू झालो. पंखा घरघरला, दिवा लागला, आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जन्मल्या जन्मल्या टाळ्या मिळाल्या की कोणाचंही डोकं फिरतं. माझंही फिरलं.

हॉलच्या खिडकीपाशी मला जागा मिळाली. मुलगी तेव्हा खुर्चीवर दोन उशा ठेवून बसायची. तिने माझ्यावर काढलेलं पहिलं चित्र बदकाचं. ते बदक कमी आणि चेपलेला बटाटा जास्त होतं, पण मी ते अजून जपून ठेवलंय. तिने माझ्या की-बोर्डवर दूध सांडलं, तेव्हापासून माझं एक बटण चिकटतं. ती अखंड बोलायची. कोण कोणावर रुसलं, बाई कोणाला ओरडल्या, मुंगीला गुडघे असतात का. तिच्या बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून ते थकून यायचे आणि म्हणायचे, "रेडिओ, जरा आवाज कमी." तेच तिचं नाव पडलं. घरात ऐकायला कोणी मोकळं नसलं की रेडिओ माझ्यासमोर बसून मला सांगायची. मी घरघर करायचो. तिला ते हुंकार वाटायचे.

माझ्यात एक खोड होती, ती लक्षात ठेवा. मी हँग व्हायचो. बाबा दुकानाची जाहिरात लिहायला बसले की हँग. रेडिओचा प्रकल्प उद्यावर आला की हँग. मग मामा येऊन पाठीत एक धपाटा घालायचा आणि मी सुरू व्हायचो. "स्वभावच आहे त्याचा," मामा म्हणायचा. "आमच्या घराण्यावर गेलाय."

आता आईचं सांगतो. आई एका मासिकात होती. लोकांनी कोणती वस्तू घ्यावी आणि कोणती घेऊ नये, हे ते मासिक सांगायचं. आई वस्तू तपासून गुण द्यायची. वापरल्याशिवाय गुण द्यायचा नाही, हा तिथला नियम. त्यामुळे सगळं घरी यायचं. टोस्टर आले तेव्हा घराने महिनाभर करपलेला पाव खाल्ला. छत्र्या आल्या तेव्हा बाबांना शॉवरखाली छत्री उघडून उभं केलं होतं. आणि आई वस्तूंची लेबलं काढून टाकायची. साबण, टूथपेस्ट, बिस्किटं, सगळी उघडीबोडकी. "आधी वापरा, मग सांगते," हे तिचं ठरलेलं वाक्य. आपल्यावर चाचणी चाललीय हे कळलं की माणूस शहाण्यासारखा वागायला लागतो आणि चाचणी फुकट जाते, असं ती म्हणायची. रेडिओला हा खेळ फार आवडायचा. डोळे मिटून बिस्कीट खायची आणि "महागातलं!" म्हणून ओरडायची. बहुतेक वेळा ते स्वस्तातलं निघायचं.

म्हणून ते काम आलं तेव्हा आईला त्यात वावगं दिसलं नाही. मला तिचा राग येतो. तरी खरं ते सांगायला हवं, तिला खरंच दिसलं नाही.

मुलं कॉम्प्युटरवर काय करतात यावर पालकांना नजर ठेवता यावी, म्हणून सॉफ्टवेअर विकत मिळतात. त्यातली काही तपासून गुण द्यायचे होते. ऑफिसात कॉम्प्युटर पुष्कळ, मूल एकही नाही. "मूल नसेल तर तपासणार काय, मॅडम?" संपादक म्हणाले. "तळ्यात न उतरता पोहण्याचे गुण देणार?" घरी मूल होतं. घरी मी होतो.

सॉफ्टवेअर घालायला मामाला बोलावलं. रेडिओ शाळेत होती.

"भाचीला सांगितलंयस का, ताई?"

"सांगितलं तर ती जपून वागेल."

"वागू दे की."

"मग चाचणी कसली रे?"

मामा दोन शब्दांच्या जागी वीस बोलणारा माणूस. त्या दिवशी गप्प राहिला आणि काम करून गेला. त्यालाही मी माफ केलेलं नाही.

पहिलं सॉफ्टवेअर भित्रं निघालं. रेडिओ शाळेसाठी सस्तन प्राण्यांची माहिती शोधत होती. त्याने गाय, मांजर, देवमासा, सगळ्यांना अश्लील ठरवून दारं लावून घेतली. "आई, याला देवमाशाची लाज वाटते!" रेडिओ ओरडली. आईने हसत गुण कापले. दुसरं इतकं जड की माझी गोगलगाय झाली. तिसरं झोपाळू. एका खेळात कोणी अनोळखी माणूस रेडिओला विचारत होता, कुठे राहतेस, घरी एकटी असतेस का, आणि हे आपलं घोरत पडलेलं. रेडिओनेच त्याला 'तुझ्या आईला सांगू का?' असं लिहून हाकललं. हे मी मुद्दाम सांगतोय. माझ्या काचेतून कसली कसली माणसं डोकावतात ते मला माहीत आहे. आईची भीती खोटी नव्हती.

मग चौथं आलं. ते आलं हे कोणाला कळलंच नाही. पडद्यावर खूण नाही, आवाज नाही. रेडिओ जे बटण दाबेल ते टिपायचं, पडद्याचे फोटो काढायचे आणि ऑफिसच्या पत्त्यावर पाठवून द्यायचे. पाय न वाजवता कोणीतरी माझ्या आत येऊन बसलं होतं आणि माझ्याच डोळ्यांनी तिच्याकडे बघत होतं.

आईने ते फोटो उघडले नाहीत. लेकीचं खासगी कशाला वाचू, असं तिला वाटलं. फोटो पोचतात की नाही, एवढंच बघायची. याला काय म्हणायचं? दुसऱ्याचं पत्र फोडायचं, आणि वाचलं नाही म्हणून स्वतःला सभ्य समजायचं!

त्याच दिवसांत रेडिओची गादी सकाळी ओली सापडू लागली. "पाण्याची बाटली सांडली," ती म्हणायची आणि चादर स्वतःच धुवायची. आईने काय केलं असेल? बाटली तपासली. भरून बाथरूमच्या नळाला उलटी टांगली. एक थेंब गळला नाही. तरी तिने दुसरी बाटली आणली, जास्त गुणांची. तीही सांडायला लागली. एवढी तपासणारी बाई, पण तिने बाटलीलाच धरून ठेवलं, पोरीकडे पाहिलं नाही.

शाळेचं शिबिर जवळ आलं होतं, मैत्रिणींबरोबर मुक्कामाचं. "बोअर असतं ते," रेडिओ घरात म्हणायची. एका दुपारी घरात कोणी नसताना ती माझ्यासमोर बसली. डॉक्टरांना प्रश्न विचारायचं एक पान होतं, ते तिने उघडलं. लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. 'मी बारा वर्षांची आहे. माझं अंथरूण ओलं होतं. मला शिबिराला जायचंय, खूप जायचंय. मैत्रिणींना न कळता काय करू? आईला सांगू नका.'

शेवटचं वाक्य तिने डॉक्टरांना लिहिलं. पण ते दाबलं माझ्या बटणांवर. म्हणजे ते मलाच सांगितलं, असं मी धरतो.

मित्रांनो, जन्मभर मी नको तिथे हँग झालो. त्या दुपारी मला नवं काही करायचं नव्हतं. माझ्या स्वभावावर जायचं होतं, बस्स. एकदा अडकायचं. आणि मी घोड्यासारखा धावलो. चिकटणारं बटणसुद्धा चिकटलं नाही. फोटो निघाला आणि गेला. मामा म्हणतो, ते सॉफ्टवेअर फार हलकं होतं, मशीनवर भार पडत नव्हता. ही सबब झाली. मला भार पडायला हवा होता.

पुढचं मी पाहिलेलं नाही. संध्याकाळी रेडिओ खाली खेळायला गेली असताना आईने बाबांना हॉलमध्ये सांगितलं, ते ऐकलं. ऑफिसात बैठक होती. संपादक म्हणाले, एखादा नमुना दाखवा. आईने सगळ्यात अलीकडचा फोटो उघडला आणि तो भिंतभर उमटला. सगळ्यांनी वाचला. संपादकांनी घसा खाकरला. कोणीतरी म्हणालं, "वा, अक्षर अगदी स्पष्ट येतं की!"

"अगं, मग बंद का नाही केलंस?" बाबांनी विचारलं.

"माऊस सापडेना मला," आई म्हणाली. "हातातच होता."

त्या बैठकीत एक बाई होती. तिथे ज्याला जे तपासायला मिळतं त्यावरून नाव पडतं. हिला कुलूपवाली म्हणायचे. हिची मुलगी रेडिओच्याच वर्गात. कुलूपवालीने आईचा हात धरून सांगितलं, "माझ्याकडून शब्द जायचा नाही गं." मन चांगलं होतं तिचं. घरी जाऊन तिने लेकीला एवढंच बजावलं की त्या पोरीला सांभाळून घे, चिडवू नकोस. जन्मभर कुलपं तपासली, स्वतःच्या तोंडाला एक बसवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी रेडिओ शाळेतून आली आणि दप्तरासकट माझ्यासमोर बसली. मला सुरू केलं नाही. माझ्या काळ्या काचेत तिला तिचाच चेहरा दिसत असणार.

"सगळ्यांसमोर म्हणाली ती," रेडिओ म्हणाली. "'आमच्या आईने सांगितलंय, तुला चिडवायचं नाही.' मग सगळ्या विचारायला लागल्या, कशावरून? कशावरून?"

दप्तराचा पट्टा तिने खांद्यावरून काढला.

"मी फक्त तुला सांगितलं होतं."

माझ्यावर दूध सांडलंय, पाठीत धपाटे बसलेत, एकदा विजेचा झटका खाऊन मी आठवडाभर मेलो होतो. या वाक्याएवढं मला काहीच लागलेलं नाही.

आई आली. तिने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. रेडिओने ऐकून घेतलं.

"म्हणजे या वेळी माझं लेबल काढलं होतंस."

"तसं नाही गं, बाळा..."

"मला विचारून केलं असतंस तर?"

"मग चाचणीच झाली नसती," आईच्या तोंडून निघून गेलं. तिने जीभ चावली, पण उशीर झाला होता.

रेडिओ उठली. आतून तिची धुतलेली चादर घेऊन आली आणि माझ्यावर टाकली.

त्यानंतर घरात रेडिओ वाजला नाही. "रेडिओ, आवाज वाढव की जरा," बाबा जेवताना म्हणायचे. ती पाणी पिऊन उठायची. शिबिराची गाडी तिच्याशिवाय गेली. आईने तिला डॉक्टरांकडे नेलं. पुष्कळ मुलांना होतं असं, थांबेल, ते म्हणाले. मलाही व्हायचं तुझ्याएवढा असताना, बाबा म्हणाले. दोन वाक्यांचं काम होतं. त्यासाठी आमच्या घराने एक भिंत भरवली.

मी चादरीखाली होतो. चादर काढली आईने, लेख लिहायला. शेजारी दुसरी खुर्ची ओढून तिने हाक मारली, "ये, बस. मी काय लिहिते ते बघ. पटलं नाही तर सांग." रेडिओ दारात उभी राहिली. बसली नाही, पण गेलीही नाही.

मासिकाच्या तक्त्यात रकाने ठरलेले असतात. लपून राहतं का, सगळं टिपतं का, मशीन मंद करतं का. चौथं पहिलं आलं. आईने शेवटी एक रकाना वाढवला, मुलाला सांगून वापरलं का? आणि सगळ्यांपुढे शून्य लिहिलं. लेख पाठवला तसा संपादकांचा फोन आला. आईने तो स्पीकरवर ठेवला, मुद्दामच ठेवला असणार.

"मॅडम, हे शून्य सॉफ्टवेअरचं नाही. तुमचं आहे."

"हो, सर."

"मग तक्त्यात कसं छापू?"

"माझ्या नावासकट छापा."

"अहो, वाचक काय म्हणतील?"

"माझी लेक म्हणाली त्याहून काय वाईट म्हणतील?"

फोन बंद झाला. दारातून आवाज आला, "शून्य कशाला? उणे पण असतं की."

कितीतरी दिवसांनी रेडिओचं ते पहिलं वाक्य. आई हसली नाही. "असतं," ती म्हणाली.

मामाने नंतर माझ्यातून ते सगळं उपटून काढलं आणि रेडिओला समोर बसवून एकेक दाखवलं. ती आता पुन्हा माझ्यासमोर बसते, अभ्यासापुरती. बसण्याआधी माझ्या डब्यावर बोटाने टकटक करते, बंद दारावर करतात तशी, आणि विचारते, "कोणी आहे का आत?" स्वयंपाकघरातून आई म्हणते, "नाही गं." रेडिओ तिचं ऐकून घेते, मग स्वतः वाकून माझ्या घरघरीला कान लावते. आणि देवमाशाबद्दल लिहिते. स्वतःबद्दल एक अक्षर नाही.

मित्रांनो, आमच्यासारखे म्हातारे शेवटी म्हणतात, आमची धूळ पुसा, आम्हाला भंगारात देऊ नका. मला द्या खुशाल. तुमच्याकडे माझं मागणं दुसरंच आहे. घरातल्या कॉम्प्युटरसमोर बसण्याआधी मोठ्यांना तोंडावर विचारा, "यात कोणाला बसवलंय का?" उद्धट म्हणतील. म्हणू देत. आणि मुलांच्या खांद्यावरून हे वाचणाऱ्या मोठ्यांनो, वाचत असालच, सवय आहे तुम्हाला, नजर ठेवायची तर ठेवा. पण शेजारी खुर्ची ओढून, त्यांना दिसेल अशी ठेवा. आणि बाटली दुसऱ्यांदा सांडली, तर कृपा करून बाटली तपासत बसू नका.