आंदणाचं गंगाळ

माफ करणं मला जमत नाही. आमच्या ह्यांना जमतं. कोणी गालात मारली तर हे त्याच्याच हाताला लागलं की काय ते बघतील. म्हणून आमच्या घरात राग धरायचं काम माझ्याकडे आहे, आणि ते मी नीट केलं आहे.

आंधळगावात आमचं बिछायत केंद्र होतं. सेवकराम बिछायत केंद्र. मंडप, गाद्या, खुर्च्या, गंज, पराती, लग्नाला लागतं ते सगळं भाड्याने द्यायचो. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच्या थोड्या वर्षांनंतरची गोष्ट. ह्यांनी कर्ज काढून नवा मंडप घेतला आणि पहिल्याच उन्हाळ्यात एका लग्नात तो जळाला. माणसं वाचली, माल गेला. सोबत लग्नवाल्यांचं सामान जळलं, त्याची भरपाईही आमच्याच डोक्यावर आली. शेवटी हे भंडाऱ्याच्या कोर्टात गेले आणि कोर्टाने ह्यांना नादार, म्हणजे दिवाळखोर ठरवलं. दुकानात उरलेल्या मालाचा लिलाव झाला.

त्या मालात माझं गंगाळ गेलं. पितळेचं, दोन कड्यांचं, जड. माझ्या आईने आंदणात दिलेलं. ते घेण्यासाठी तिने गळ्यातली पोत मोडली होती, आणि पुढे मरेपर्यंत काळ्या दोऱ्यावर राहिली.

घरच्या वापराची भांडी जप्त होत नाहीत, हे मला कोर्टातल्या माणसानेच सांगितलं. पण माझ्या गंगाळावर आमच्या केंद्राचं नाव होतं. ते टाकलं होतं भय्याजीने. भय्याजी म्हणजे ह्यांचा जिवलग मित्र. तेव्हा तो भांड्याच्या दुकानात नाव टाकायचं मशीन घेऊन बसायचा. आमच्या सगळ्या भांड्यांवर त्यानेच नावं टाकली. एकदा लग्नात पाण्याला भांडी कमी पडली म्हणून मी माझं गंगाळ दिलं, तर हाच म्हणाला, "वहिनी, लग्नाच्या गर्दीत हरपते ना जी. आना इकडं, नाव टाकून देतो." आणि टर्रर्र करून टाकलंसुद्धा. मी वर त्याला चहा पाजला.

लिलावाच्या दिवशी मी ओरडत होते, "हे माह्या मायनं देल्लं आहे, दुकानाचं नाही." कोर्टाचा माणूस भला होता. त्याने जमलेल्यांना विचारलं, कोणाला माहीत आहे का? आम्हा घरच्यांशिवाय माहीत एकालाच होतं, आणि तो समोर उभा होता. भय्याजी म्हणाला, "मले काय मालूम साहेब? नाव वाचा ना."

मग कळलं, तो का विसरला ते. बोली लावायला आलेल्या बाकीच्यांना त्याने आधीच चहा-भजी खाऊ घालून घरी पाठवलं होतं. सगळा माल त्याने मातीमोल भावात उचलला आणि महिन्याभरात स्वतःचं बिछायत केंद्र उघडलं.

नादार झालेल्या घराचं काय होतं ते सांगते. उपाशी कोणी मरत नाही. फक्त उधार मिळत नाही. ज्या किराणावाल्याकडे पोतंभर साखर नुसत्या शब्दावर यायची, तो आधी माझ्या हाताकडे बघायचा. "रोख असन तं बोला बाई," म्हणायचा. भिशीतून आमचं नाव काढलं. हे चौकात जायचे बंद झाले, दुसऱ्याच्या मंडपाचे बांबू रोवायला जाऊ लागले. कोर्टाने पुढे त्यांना मोकळं केलं, पण गावाने केलं नाही.

त्यात एका लग्नात मला माझं गंगाळ दिसलं. पंगतीच्या मागे, उष्ट्या पत्रावळी टाकायला ठेवलेलं. वरणाचा ओघळ आमच्या नावावरून खाली आला होता. मी भय्याजीला गाठलं. म्हटलं, "जी, हे तरी वापस द्या. तुमाले मालूम आहे कोणाचं आहे."

तो दात कोरत होता. "दुकानाचं आहे वहिनी. आन दुकान आता माहं आहे."

त्या दिवशी मी ठरवलं. हे गंगाळ भय्याजी स्वतःच्या हाताने घासून माझ्या दारात आणेल, आणि कोणाचं आहे ते चारचौघांत स्वतःच्या तोंडाने सांगेल. त्याशिवाय मी मरणार नाही.

मला एकच गोष्ट येते, रांधणं. एका तेरवीला आचारी ऐनवेळी आजारी पडला आणि मी पदर खोचून उभी राहिले. आलू-वांग्याची भाजी, वरण, भात, बुंदी. लोक बोटं चाटत उठले. मग बोलावणी येऊ लागली. आमच्याकडे रिवाज असा की भांडी कोणती आणि कोणाकडची आणायची ते आचारी सांगतो, घरधनी नाही. हे भय्याजीच्या लक्षात राहिलं नाही. माझ्या राहिलं.

मी प्रत्येक घरी एकच सांगायची, "भय्याजीची भांडी असन तं मी येत नाही. कल्हई करत नाही तो. भाजी कळकते." आणि हे खोटं नव्हतं. चिक्कू माणूस, कल्हईचे पैसे वाचवायचा. एका लग्नात लोकांना मळमळलं आणि माझा शब्द पाण्यातल्या तेलासारखा पसरला. मोहाडीपासून तुमसरपर्यंत बायका लग्न ठरल्यावर आधी माझी तारीख विचारायच्या.

बचत गटाने मला पहिलं कर्ज दिलं, त्यातून मी आमची नवी भांडी घेतली. मग आणखी घेतली. कर्ज फिटलं. एक दिवस किराणावाला तेलाचा डबा पुढे सरकवत म्हणाला, "घेऊन जा ना बाई. पैसे देजो मंग." त्या चार शब्दांसाठी ह्यांनी किती वर्षं मान खाली घातली होती! मी पदराची गाठ सोडली आणि रोख टिचवले. म्हटलं, "आमाले सवय झाली जी रोखीची." त्याचा चेहरा पडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आणि मग भय्याजी आला.

त्याच्या पोरीचं, गुंजनचं लग्न ठरलं होतं, कारध्याचं स्थळ. नवरदेवाच्या आईने कुठेतरी माझ्या हातचं खाल्लं होतं. तिने सांगून पाठवलं, जेवण चंद्रकलाबाईंचंच पाहिजे. भय्याजी ओट्याच्या काठावर टेकला. त्याचं केंद्र तोवर बसलं होतं, गोदामात उंदीर खेळत होते.

"वहिनी, पोरीचा सवाल आहे."

"येतो ना. काहून नाही? पन भांडी आमची राहीन. पैसे पहिले."

"माह्याच पोरीच्या लग्नात माहा एक चमचा नाही? लोक काय म्हनन?"

"म्हनू द्या. आमाले सवय झाली, तुमालेही होईन. आन माहं गंगाळ आना, घासून. तुमचं मशीनही आना."

"जाऊ दे ना वं, चंद्रकला," हे आतून म्हणाले. मी आत नुसतं बघितलं.

आठवडी बाजाराच्या दिवशी त्याला बोलावलं. मुद्दामच. अर्धं गाव आमच्या दारावरून जातं. भय्याजी गंगाळ डोक्यावर घेऊन आला. चिंच लावून घासलेलं, सोन्यासारखं लखलखत होतं. लिलावात त्याने ह्या गंगाळापोटी दिली होती तेवढी रक्कम मी त्याच्या तळहातावर ठेवली. म्हटलं, "मोठ्यानं मोजा." त्याने मोजली. एवढ्या पैशात आता एक बादली येत नाही. बघणाऱ्यांत एकजण फिसकन हसला.

मग मशीनची वायर आमच्या बोर्डात लावली. "लिहा," मी म्हटलं. "हे चंद्रकलाचे आंदण. आईने दिले. दुकानाचे नव्हते."

टर्रर्र सुरू झालं. 'नव्हते'पाशी त्याचा हात थांबला. मी उभीच राहिले. त्याने तो शब्दही टाकला. घामाचा थेंब त्याच्या नाकावरून गंगाळात पडला.

पण तोंडाने तो काही बोलला नव्हता. ते बाकी होतं.

लग्नाच्या दिवशी मी मंडपाच्या मागच्या टोकाला बुंदी पाडत होते, तिथून सगळं दिसत होतं. वरात आली. नवरदेवाचे पाय धुवायला पाणी लागतं आणि भांडी तर सगळी आमचीच होती. मी माझं गंगाळ भरून पाठवलं. ठेवणाऱ्याला सांगितलं, अक्षरं पाहुण्यांकडे करून ठेव.

भय्याजी पाटापुढे वाकला. जावयाचे पाय धुताना बापाला मान वर करता येत नाही. व्याही शेजारीच उभे होते. रिटायर झालेले मास्तर. दिसेल ते वाचायची त्यांना खोड. त्यांनी वाकून मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "हे काय जी? दुकानाचं नव्हतं म्हंजे?"

बँडवाला नेमका थांबला होता, माझ्यापर्यंत शब्द येत होते. गुंजन खाली मान घालून पाटावर बसली होती. तिच्याकडे बघून एक क्षण माझा झारा हातात राहिला. पोरीने माझं काही वाईट केलं नव्हतं. पण माझ्या आईने तरी कोणाचं काय केलं होतं?

भय्याजी पाण्यात हात घालून पुटपुटला, "चंद्रकलाबाईचं आहे. लिलावात मले मालूम होतं. मी बोललो नाही."

हे बांबूला धरून उभे होते. त्यांनी पागोट्याच्या शेवाने डोळे पुसले. मान वर होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा लग्नाच्या मांडवात ह्यांची मान वर बघितली.

तिथे मी थांबायला हवं होतं, असं हे अजूनही म्हणतात. मी झारा कढईवर आपटला आणि मंडपाच्या ह्या टोकावरून ओरडले, "ऐकू नाही आलं, भय्याजी! मोठ्यानं बोला!"

तो पुन्हा बोलला. ह्या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं.

मग मी पंगत वाढायला सांगितली.